जात्याची तळी गहाण घेऊ नये
अभ्यासपाठ : गरीब देशांचे कर्ज आणि योबेल वर्षाचा नियम

वाचनासाठी शास्त्रभाग : लेवीय 25:8-28 व 35-38, अनुवाद 15:1-15, अनुवाद 24:6-13, नहेम्या 5:1-13



या अंकातील अभ्यासपाठ आफ्रिकेतील झांबिया या देशाविषयी आहे. आपल्या पत्रकात पाड्यांवरील कामाची माहिती असते, त्यात झांबियाचे कर्ज कशाला, असे कोणी विचारील. कारण सोपे आहे. श्रीमंत आणि गरीब देशांमधील व्यवहार न्यायाचा कसा करावा, हा प्रश्न मोठ्या परिषदांमध्ये अवघड भाषेत मांडला जातो. पण ज्याला वीटभट्टीची उचल समजते त्याला हा प्रश्न समजतो. आपल्या कातकरी बांधवांना तो कदाचित त्या परिषदांतील साहेबांपेक्षा लवकर समजेल.

गटात हा पाठ घेताना वर दिलेले शास्त्रभाग आधी सावकाश वाचावेत.

1. कर्ज फिटत का नाही?

पावसाळ्यात घरातले धान्य संपते. मुकादम येतो आणि उचल देतो. दिवाळीनंतर सारे कुटुंब भट्टीवर जाते. दर आठवड्याला खर्ची मिळते, तीही उचलीत धरली जाते. पावसापूर्वी हिशोब होतो. विटांचा दर मालक ठरवतो, वही मालकाची असते, मोजणीही त्याचीच असते. हिशोबाच्या शेवटी अंगावर काही रक्कम राहतेच आणि पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर यावे लागते. या कुटुंबाने आळस केलेला नसतो. सहा-सात महिने लहान मुलांसकट सर्व जण राबलेले असतात. तरी कर्ज फिटत नाही, कारण आपल्या मालाचा भाव आणि कर्जाच्या अटी या दोन्ही गोष्टी दुसऱ्याच्या हातात असतात.

आता झांबियाकडे पाहू. हा देश 24 ऑक्टोबर 1964 रोजी इंग्रजांच्या राज्यातून स्वतंत्र झाला. केनेथ कौंडा पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. जमिनीखाली तांबे भरपूर होते आणि परदेशी विकण्याजोगा माल म्हणजे जवळजवळ सगळे तांबेच. त्याचा भाव झांबियात ठरत नव्हता, तो लंडनच्या बाजारात ठरत होता. 1973 साली खनिज तेल महागले. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांतच तांब्याचा भाव कोसळला. तेल आणि यंत्रे महाग, तांबे स्वस्त, अशी अवस्था झाली. मधला खड्डा भरण्यासाठी सरकारने कर्ज घेतले. भाव पुन्हा चढेल अशी आशा घेणाऱ्याला होती, तशी देणाऱ्यालाही होती.

भाव लवकर चढला नाही. उलट अमेरिकेने आपल्या घरची महागाई रोखण्यासाठी व्याजदर वाढवले. 1981 साली तेथील दर 20 टक्क्यांच्या जवळ पोहोचला आणि जगभर कर्ज महाग झाले. गरीब देशांनी त्या निर्णयात मत दिले नव्हते, पण त्याची किंमत त्यांनी भरली. 1982 साली मेक्सिकोने हात वर केले. मागोमाग लॅटिन अमेरिकेतील आणि आफ्रिकेतील कितीतरी देश जुने हप्ते भरण्यासाठी नवी कर्जे घेऊ लागले.

2. जात्यावर हात

अनुवाद 24:6 मधील आज्ञा लहान आहे, पण फार खोल आहे. कर्जदाराचे जाते किंवा जात्याची वरची तळी गहाण घ्यायची नाही. कारण ज्या जात्यावर घरचे रोजचे पीठ निघते ते नेणे म्हणजे त्या घराचा जीव नेणे. पुढच्या वचनांत असेही सांगितले आहे की गहाण वस्तू आणण्यासाठी सावकाराने कर्जदाराच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे. आणि गरिबाचे पांघरूण गहाण असेल तर सूर्यास्तापूर्वी परत द्यावे.

शास्त्र कर्ज देण्याला मनाई करत नाही. गरजवंताला उसने द्यावे असेच ते सांगते. पण वसुलीला ते एक मर्यादा घालते. कर्जदाराच्या जगण्याचे साधन त्या मर्यादेच्या आत सुरक्षित आहे.

1980 नंतरच्या काळात ही मर्यादा ओलांडली गेली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांनी नवे कर्ज देताना अटी घातल्या. सरकारने खर्च कमी करावा, धान्यावरची सवलत काढावी, दवाखान्यात शुल्क घ्यावे, सरकारी उद्योग विकावेत, अशा त्या अटी होत्या. झांबियात मक्याचे पीठ हे रोजचे अन्न आहे. आपल्याकडे भाकरी तशी त्यांच्याकडे पिठाची घट्ट उकड. डिसेंबर 1986 मध्ये या पिठाची सवलत काढली गेली, भाव एकदम वाढले आणि तांब्याच्या खाणींच्या गावांत दंगली होऊन माणसे मेली. 1990 नंतर सरकारी दवाखान्यांत शुल्क सुरू झाले. एड्सची साथ पसरत होती त्याच वर्षांत आजाऱ्याला दारातच पैसे मागितले जाऊ लागले.

सरकारच्या खर्चाला शिस्त नको, असे कोणी म्हणत नाही. झांबियाच्या राज्यकर्त्यांनीही उधळपट्टी केली, चुकीच्या ठिकाणी पैसा घातला. पण हप्त्याची वसुली पिठाच्या डब्यातून आणि आजाऱ्याच्या खाटेवरून झाली. जाते गहाण घेणे म्हणतात ते हेच.

3. योबेल वर्षाच्या नावाने

कील विद्यापीठात शिकवणारे मार्टिन डेंट आणि निवृत्त मुत्सद्दी बिल पीटर्स या दोन ब्रिटिश गृहस्थांनी 1990 नंतरच्या काळात एक कल्पना मांडली. लेवीय 25 मधील योबेल वर्षाचा नियम देशांच्या कर्जालाही लावावा आणि 2000 साल हे गरीब देशांच्या कर्जमुक्तीचे वर्ष व्हावे. यातून 'ज्युबिली 2000' ही चळवळ उभी राहिली. मंडळ्या, कामगार संघटना आणि सेवासंस्था तिच्यात सामील झाल्या. 16 मे 1998 रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात श्रीमंत देशांचे प्रमुख जमले असता सुमारे 70,000 लोकांनी हातात हात घालून शहराच्या मध्यभागाला मानवी साखळीने वेढले. पुढच्या वर्षी जर्मनीतील कोलोन येथे त्याच प्रमुखांनी कर्जमाफी वाढवण्याचे मान्य केले. 2005 साली स्कॉटलंडमधील ग्लेनईगल्सच्या बैठकीत आणखी एक पाऊल पुढे पडले. या साऱ्या प्रयत्नांतून पस्तीसहून अधिक देशांचे मिळून सुमारे 100 अब्ज डॉलरचे कर्ज हलके झाले. (1 अब्ज म्हणजे 100 कोटी.)

झांबियाचे परदेशी कर्ज 7 अब्ज डॉलरच्या आसपास होते, ते 2006 अखेर 1 अब्जाच्याही खाली आले. एप्रिल 2006 मध्ये तेथील सरकारने ग्रामीण भागातील दवाखान्यांचे शुल्क रद्द केले. काढून नेलेले जाते परत आणून दिल्यासारखे ते झाले. सामान्य विश्वासणाऱ्यांच्या प्रार्थनेने, सह्यांनी आणि चालण्याने काही होत नाही असे ज्याला वाटते त्याने ही दोन वर्षे लक्षात ठेवावीत, 1998 आणि 2006.

4. माफी मिळाली, पुढे काय झाले?

येथे हा पाठ संपला असता तर फार बरे झाले असते. पण पुढचा इतिहास आपल्याला जास्त शिकवतो.

पहिली गोष्ट. 1979 साली झांबियाने शेतीची यंत्रे घेण्यासाठी रुमानियाकडून सुमारे दीड कोटी डॉलरचे कर्ज घेतले होते. ते थकले. 1999 साली डोनेगल इंटरनॅशनल नावाच्या खासगी कंपनीने हे कर्ज रुमानियाकडून सुमारे 33 लाख डॉलरला विकत घेतले आणि व्याजासह साडेपाच कोटी डॉलरचा दावा लंडनच्या न्यायालयात लावला. 2007 साली न्यायालयाने इतकी रक्कम मान्य केली नाही, पण सुमारे दीड कोटी डॉलर देण्याचा आदेश दिला. इतरांनी माफी दिल्यामुळे झांबियाच्या हातात जो पैसा आला होता, त्यातलाच वाटा या कंपनीकडे गेला. अशा कंपन्यांना लोक गिधाड फंड म्हणू लागले. लोकांचा संताप इतका झाला की 2010 साली ब्रिटिश संसदेने कायदा करून माफीयोग्य ठरलेल्या देशांविरुद्ध अशी वसुली रोखली.

दुसरी गोष्ट तांब्याची. कर्जाच्या अटींनुसार 1997 ते 2000 या वर्षांत सरकारी खाणी विकल्या गेल्या. त्या वेळी भाव पडलेले होते आणि सरकार घाईत होते. नव्या मालकांशी जे करार झाले त्यांत सरकारची रॉयल्टी अवघी 0.6 टक्के ठरली. म्हणजे 100 रुपयांच्या तांब्यामागे 60 पैसे. काही वर्षांतच तांब्याचा भाव कित्येक पटींनी चढला, पण त्या चढलेल्या भावाचा मोठा हिस्सा देशाबाहेर गेला. 2008 साली सरकारने ते करार मोडून रॉयल्टी 3 टक्के केली. खाणीतील माल आपल्याच संबंधित कंपनीला कमी भावात विकून कर वाचवल्याच्या एका प्रकरणात मोपानी या खाण कंपनीविरुद्ध झांबियाचे करखाते 2020 साली तेथील सर्वोच्च न्यायालयात जिंकले. पण न्याय मिळेपर्यंत बरीच वर्षे निघून गेली होती.

तिसरी गोष्ट नव्या कर्जाची. 2012, 2014 आणि 2015 अशी तीन वेळा झांबियाने परदेशी बाजारात रोखे विकून एकूण 3 अब्ज डॉलर उभे केले. पहिल्या वेळी व्याज साडेपाच टक्क्यांच्या आसपास होते, तिसऱ्या वेळी ते नऊ टक्क्यांवर गेले. जितकी अडचण जास्त तितके व्याज जास्त, हा सावकारी नियम येथेही लागू झाला. चीनकडूनही रस्ते, वीज आणि विमानतळासाठी मोठी कर्जे घेतली गेली. नोव्हेंबर 2020 मध्ये, कोरोनाच्या वर्षात, झांबिया 4 कोटी 25 लाख डॉलरचा व्याजाचा हप्ता भरू शकला नाही. कर्जाची नवी घडी बसवण्यासाठी सर्व सावकारांशी बोलणी सुरू झाली. सरकारी सावकारांशी बोलणे जून 2023 मध्ये जुळले, रोखेधारकांशी 2024 मध्ये. तोपर्यंत देशात मोठा दुष्काळ पडून मक्याचे पीक गेले होते.

5. योबेल वर्षात फक्त माफी नाही

आता लेवीय 25 पुन्हा उघडा. योबेल वर्ष म्हणजे कर्जमाफीचे वर्ष, असे आपण सहज म्हणतो. पण अध्याय नीट वाचला तर ध्यानात येते की त्याचा मोठा भाग जमिनीविषयी आहे. पन्नासाव्या वर्षी रणशिंग वाजते आणि प्रत्येक जण आपल्या वतनाकडे व आपल्या कुळाकडे परततो. विकलेली जमीन मूळ घराण्याकडे येते, कारण जमीन परमेश्वराची आहे आणि माणसे तिच्यावर उपरी आहेत. म्हणजे मुक्त झालेल्या माणसाला कमाईचे साधनही परत मिळते. अनुवाद 15 मध्ये हीच गोष्ट दासाविषयी आहे. सातव्या वर्षी त्याला सोडताना रिकाम्या हाताने पाठवू नये. आपल्या कळपातून, खळ्यातून आणि द्राक्षकुंडातून त्याला उदारपणे द्यावे.

झांबियाचे कर्ज माफ झाले, पण तांबे परत आले नाही. वही कोरी झाली आणि शेत दुसऱ्याकडेच राहिले. मग दहा-पंधरा वर्षांत वही पुन्हा भरली यात नवल काय?

महाराष्ट्रात आपण हे पाहिले आहे. ठाणे जिल्ह्यात एकेकाळी लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा पैशांपायी वारली जोडपी जमीनदाराकडे लग्नगडी म्हणून राबत. 1945 साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला. 1976 साली वेठबिगारी संपवणारा कायदा देशभर झाला आणि जुनी बांधिलकी कागदावर रद्द झाली. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदाही महाराष्ट्राने 1974 साली केला. जेथे या दोन्ही कायद्यांचा लाभ पोहोचला तेथे कुटुंबे उभी राहिली. जेथे कर्जातून सुटका झाली पण कसायला जमीन नाही आणि गावात काम नाही, तेथे पुढच्या पावसाळ्यात मुकादमाची उचल पुन्हा घरात आली.

6. न्यायाच्या व्यवहाराचे चार नियम

शास्त्रातून आणि या इतिहासातून चार नियम निघतात.

पहिला, हिशोब आधीपासून मर्यादित असावा. लेवीय 25:15-16 सांगते की जमिनीची किंमत योबेलपर्यंत किती पिके निघतील त्यावर ठरवावी. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला शेवट माहीत असतो, म्हणून कोणी फसत नाही. पीक बुडाले तर हप्ता थांबावा, ही अटही आधीच लिहिता येते. ग्रेनेडा या लहान बेटदेशाने आपल्या रोख्यांत वादळाची अट घालून घेतली होती. 2024 साली बेरिल वादळाने बेट झोडपले तेव्हा त्या अटीप्रमाणे त्यांना हप्ते पुढे ढकलता आले.

दुसरा, निवाडा सावकाराने करू नये. आपल्या देशात एखादी कंपनी बुडाली तर 2016 च्या दिवाळखोरी संहितेप्रमाणे न्यायाधिकरण निर्णय देते. देश बुडाला तर असे न्यायाधिकरण जगात नाही. कर्ज देणारेच बसून ठरवतात. नाणेनिधीत महत्त्वाच्या निर्णयांना 85 टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे 16 टक्क्यांहून अधिक मते आहेत. तिची संमती नसेल तर निर्णय होत नाही. 2015 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अशा निवाड्यासाठी नऊ तत्त्वे मोठ्या बहुमताने मान्य केली, पण अमेरिका, ब्रिटन, जर्मनी आणि जपान विरोधात राहिले.

तिसरा, जात्याला हात लावू नये. अन्न, दवाखाना, शाळा आणि पाणी यांचा खर्च आधी, हप्ता नंतर.

चौथा, मालाला रास्त भाव आणि त्यावर रास्त कर. हा नियम पाळला तर पहिल्या तिन्ही नियमांची गरज कमी पडेल.

7. आपण कोणत्या बाजूला आहोत?

नहेम्या 5 मध्ये एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. दुष्काळात आणि राजाच्या करापायी लोकांनी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकली होती, पोरेबाळे दास्यात दिली होती. सावकार कोणी परके नव्हते, त्यांचेच भाऊबंद होते. नहेम्या संतापला, त्याने सभा बोलावली. पण दहाव्या वचनात तो सांगतो की मी आणि माझी माणसेही लोकांना पैसा व धान्य उसने देत आहोत. तो स्वतःला बाहेर ठेवत नाही. म्हणूनच त्याच्या शब्दाला वजन आले आणि सावकारांनी शेते व व्याज परत देण्याची शपथ घेतली.

आपण भारतीय लोक स्वतःला गरीब देशांच्या बाजूचे समजतो. पण श्रीलंकेचे कर्ज थकले तेव्हा 2023 साली सावकार देशांची जी समिती झाली तिच्या तीन सहअध्यक्षांत भारतही होता. झांबियातील कोंकोला ही मोठी तांब्याची खाण 2004 साली भारतीय उद्योगपतीच्या वेदांत समूहाने घेतली. नदीचे पाणी दूषित झाल्याची तक्रार घेऊन तेथील सुमारे 1,800 गावकरी इंग्लंडच्या न्यायालयात गेले. 2019 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा दावा इंग्लंडमध्ये चालू शकतो असे ठरवले. 2021 साली कंपनीने दोष मान्य न करता तडजोड केली. म्हणजे आज आपला देशही सावकाराच्या आणि मालकाच्या खुर्चीवर बसू लागला आहे.

जवळ पाहिले तरी तेच. उचल घेणारे आपल्या मंडळीत आहेत आणि उचल देणाऱ्यांशीही आपले नाते आहे. आपले बचत गट आहेत. गटातून कर्ज घेतलेल्या बाईच्या घरी आजारपण आले तर आपण हप्ता थांबवतो का, की तिच्या दारात जाऊन बसतो?

एक काम आपण लगेच करू शकतो. झांबियाची राजधानी लुसाका येथे जेझुइट सेंटर फॉर थिऑलॉजिकल रिफ्लेक्शन ही संस्था दर महिन्याला बाजारात जाऊन एका कुटुंबाला जगायला किती खर्च येतो त्याची यादी काढते आणि ती मजुरीशेजारी मांडते. भाषणांपेक्षा त्या यादीला जास्त मान आहे. आपल्या तरुण संघांनी भट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबासाठी एक साधी वही करावी. त्यात उचल किती, खर्ची किती, विटा किती आणि दर काय ते दर आठवड्याला लिहावे. मालकाच्या वहीशेजारी मजुराची वही ठेवली की हिशोबाला दोन बाजू होतात. न्यायाची सुरुवात एवढ्या लहान गोष्टीतून होऊ शकते, मग तो पाडा असो की देश.

गटचर्चेसाठी प्रश्न

1. तुमच्या गावात आज कोणत्या कारणांसाठी उचल घेतली जाते? त्यांपैकी कोणती गरज गावातच भागवता येईल?
2. आपल्या भागातील कुटुंबाचे 'जाते' कोणते? कोणती वस्तू किंवा कोणता खर्च वसुलीतून कायमचा वगळला पाहिजे?
3. कर्ज माफ केले तर लोक पुन्हा बेफिकीरीने कर्ज काढतील, असे म्हणतात. अनुवाद 15:7-11 आणि झांबियाचा इतिहास यांवरून तुम्ही काय उत्तर द्याल?
4. आपल्या बचत गटाच्या नियमांत आजारपण, मृत्यू व दुष्काळ यांसाठी कोणती अट घालावी? पुढच्या सभेत ती लिहून ठेवा.

प्रार्थनेचे विषय

झांबियातील दुष्काळाने गांजलेल्या शेतकऱ्यांसाठी व खाणकामगारांसाठी. कर्जाचे निर्णय करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मनात परमेश्वराचे भय असावे यासाठी. या हंगामात भट्टीवर गेलेल्या आपल्या कुटुंबांसाठी, त्यांच्या मुलांची शाळा सुटू नये यासाठी, आणि हिशोबाच्या दिवशी त्यांना पुरते दाम मिळावेत यासाठी.